नोकरी सुटली, इन्शुरन्सचं काय? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नमस्कार ताई. ऑगस्टमध्ये माझा लेऑफ झाला, एच-१बी (नोकरीच्या व्हिसा) वर आहे. बायको एच-४ (माझ्यावर अवलंबून असलेल्यांच्या व्हिसा) वर, तिला सातवा महिना चालू आहे आणि डॉक्टरांनी नोव्हेंबरची तारीख दिलीय. कंपनीचा इन्शुरन्स ३१ ऑगस्टला बंद झाला. आता कोब्राचं (नोकरी गेल्यावरही कंपनीचाच इन्शुरन्स स्वतःच्या पैशाने चालू ठेवायची सोय) पत्र आलंय त्यात महिन्याला २,३०० डॉलर लिहिलेत, पगारातून तर सहाशेसुद्धा कापले जात नव्हते! हे चुकून आलंय का? मित्र म्हणतात घेऊ नकोस, ६० दिवस थांबून बघ. घरचे म्हणतात तिला बाळंतपणाला इकडे भारतात पाठव. काहीच सुचत नाहीये.
– एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : आधी घरी जाऊन बायकोला सांगा की बाळंतपण कव्हर होऊ शकतं, तेही तिच्या आत्ताच्याच डॉक्टरकडे. मग पैशांचं बघू.

पत्र चुकीचं नाहीये. प्रीमियमचा मोठा हिस्सा कंपनी भरत होती आणि तो पगाराच्या स्लिपवर सहसा डोळ्यात भरत नाही (मोठ्या कंपन्यांच्या डब्ल्यू-२ वर, म्हणजे वर्षाच्या पगाराच्या टॅक्स फॉर्मवर, १२ नंबरच्या बॉक्समध्ये डीडी कोडसमोर एकूण आकडा असतो, बघा एकदा). केएफएफ या आरोग्यविषयक संशोधन करणाऱ्या संस्थेच्या सर्व्हेप्रमाणे २०२५ मध्ये नोकरीतून मिळणाऱ्या फॅमिली कव्हरेजचा सरासरी प्रीमियम वर्षाला २६,९९३ डॉलर होता आणि त्यातले कर्मचाऱ्याच्या खिशातून ६,८५० जात होते. कोब्रात तो सगळा आकडा आणि वर २ टक्के खर्च, म्हणजे १०२ टक्के तुमच्याकडून घेता येतात. १९८६ मध्ये आलेल्या या कायद्याने तोच ग्रुप प्लॅन चालू ठेवायचा हक्क दिला, पण कंपनीने पैसे भरत राहावं असं काही म्हटलं नाही. मला तरी हे फार कठोर वाटतं, ज्या दिवशी पगार थांबतो त्याच दिवशी बिल चौपट होतं.

पण आता नीट वाचा, कारण तुमच्या केसमध्ये हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. कोब्राचा हक्क एकट्या नोकरी करणाऱ्याचा नसतो, प्लॅनमध्ये असलेल्या नवरा, बायको, मुलं प्रत्येकाचा वेगळा असतो. म्हणजे तुम्ही नाही घेतला तरी तुमची बायको एकटी घेऊ शकते! पत्रातला २,३०० चा आकडा फॅमिलीचा आहे, एकट्या माणसाचा रेट त्याच पत्रात खाली कुठेतरी असेल, तो साधारण ८०० च्या आसपास निघतो. बरेच जण पहिला आकडा बघूनच पत्र बाजूला ठेवतात, म्हणून इतकं सांगतेय. तुम्ही स्वतः तब्येतीने ठीक असाल तर राज्याच्या मार्केटप्लेसवर (स्वतःचा इन्शुरन्स घ्यायची सरकारी वेबसाइट, तुमच्याकडे गेट कव्हर्ड न्यू जर्सी) तुमच्यापुरता प्लॅन घ्या. नोकरीचं कव्हरेज गेल्यावर तिथे ६० दिवस मिळतात आणि एच-१बी, एच-४ वाल्यांना तिथे प्लॅन घेता येतो. सबसिडी मात्र गृहीत धरू नका, ती कमाईवर ठरते आणि २०२५ च्या कायद्याप्रमाणे २०२७ पासून या व्हिसावाल्यांची ती बंद होतेय.

तिच्यासाठी कोब्राच का म्हणतेय, तर तुमचं या वर्षीचं डिडक्टिबल (इन्शुरन्स पैसे द्यायला लागण्याआधी आपल्या खिशातून भरायची रक्कम) तपासण्या, सोनोग्राफी यात बरंचसं भरून झालं असणार. कोब्रा म्हणजे तोच प्लॅन, त्यामुळे भरलेलं डिडक्टिबल वाया जात नाही. मार्केटप्लेसला गेलात तर ते शून्यापासून सुरू होतं आणि तिचे डॉक्टर, हॉस्पिटल त्या प्लॅनच्या नेटवर्कमध्ये (ठरलेल्या डॉक्टर-हॉस्पिटलांच्या यादीत) असतीलच असंही नाही. सातव्या महिन्यात नवीन डॉक्टर शोधायला लावू नका तिला.

मित्र म्हणतात ती ६० दिवसांची गोष्ट खरी आहे पण तुमच्यासाठी नाही. पत्राची तारीख किंवा कव्हरेज संपल्याची तारीख, जी नंतरची असेल तिथून ६० दिवस निवड करायला मिळतात, निवड केल्यावर पहिला हप्ता भरायला अजून ४५ दिवस, आणि कव्हरेज मागच्या तारखेपासून, म्हणजे १ सप्टेंबरपासूनच धरलं जातं. तरुण, धडधाकट माणूस, पुढची नोकरी जवळपास पक्की असेल तर थांबू शकतो, मधे काही झालंच तर फॉर्म भरून मागचे सगळे महिने भरायचे. पण जिला दर दोन आठवड्यांनी डॉक्टरकडे जायचंय तिच्या बाबतीत थांबलात तर प्रत्येक वेळी रिसेप्शनवर "इनॅक्टिव्ह" दिसणार, रोख मागणार, मग ते परत मिळवायला पाठपुरावा. तिचा फॉर्म या आठवड्यातच पाठवा, पोस्टाची पावती जपून ठेवा. त्यानंतर दर महिन्याला ३० दिवसांची ग्रेस असते, ती चुकली की कोब्रा गेला, सहसा परत मिळत नाही.

बाळ झालं की ३० दिवसांच्या आत प्लॅनमध्ये नाव घालायचं, मग कव्हरेज जन्माच्या दिवसापासून धरतात. बायको एकटीच कोब्रावर असताना बाळाचं नाव कसं घालायचं आणि प्रीमियम किती होईल हे आत्ताच प्लॅनवाल्यांना ईमेलवर विचारून ठेवा. १ नोव्हेंबरला मार्केटप्लेसचं ओपन एनरोलमेंट (वर्षातला असा काळ, ज्यात कोणालाही प्लॅन घेता येतो) सुरू होतं, १५ डिसेंबरच्या आत तिघांचा प्लॅन निवडलात तर १ जानेवारीपासून तो लागू आणि डिसेंबरअखेर कोब्रा सोडून देता येईल. जानेवारीत डिडक्टिबल नाहीतरी नव्याने सुरू होणारच असतं. ओपन एनरोलमेंट नसताना मात्र कोब्रा मधेच सोडू नका, स्वतःहून सोडलात तर त्या कारणासाठी मार्केटप्लेसचं दार उघडत नाही. एचएसए (औषधोपचाराच्या खर्चासाठीचं करमुक्त बचत खातं) मध्ये पैसे पडलेले असतील तर कोब्राचा प्रीमियम त्यातून भरता येतो, हेही लक्षात असू द्या.

अजून एक, आणि यात फार गोंधळ होतो. नोकरी गेल्यावर अमेरिकेत राहायला मिळणारे व्हिसाचे ६० दिवस वेगळे, कोब्राचे वेगळे. व्हिसाचे नोकरीच्या शेवटच्या दिवसापासून मोजतात (आय-९४, म्हणजे अमेरिकेत किती दिवस राहता येईल त्याची नोंद, त्याआधी संपत असेल तर तेवढेच), म्हणजे तुमचे बाळंतपणाच्या आधीच संपतात. त्याआधी नवीन कंपनीचं पिटिशन नाहीतर स्टेटस बदलायचा अर्ज जायला हवा, त्यासाठी इमिग्रेशन वकील आजच गाठा. आणि भारतात पाठवायचं असं ठरलंच तर आधी तिच्या डॉक्टरांना विचारा, बऱ्याच विमान कंपन्या सातव्या महिन्यानंतर डॉक्टरांचं पत्र मागतात. अमेरिकेतले बहुतेक प्लॅन बाहेरच्या देशात इमर्जन्सी सोडून काही देत नाहीत, तेव्हा तिकडे जाऊन इकडचा प्रीमियम भरत बसण्यात अर्थ नाही.

प्रश्न : आमचा घटस्फोट चालू आहे. मी नवऱ्याच्या कंपनीच्या इन्शुरन्सवर आहे, मला थायरॉइड आणि डायबिटीस दोन्ही. तो म्हणतो निकालाआधीच ओपन एनरोलमेंटमध्ये तुझं नाव काढतो. असं करता येतं का? मग माझं काय?
– एक वाचक भगिनी, डॅलस

उत्तर : नाव काढलं तरी तुमचा हक्क जात नाही. घटस्फोट होणार म्हणून आधीच नाव काढलं असेल तर कायदा ते धरत नाही, घटस्फोटाच्या तारखेपासून प्लॅनला तुम्हाला कोब्रा द्यावाच लागतो, आणि तो नोकरी गेल्यावर मिळतो तसा १८ नाही तर ३६ महिन्यांपर्यंत. मधले महिने मात्र त्यात येत नाहीत, म्हणून तुमच्या वकिलांना आत्ताच सांगा की निकाल लागेपर्यंत नाव काढू नये असा कोर्टाचा आदेश घ्या.

आता जे सांगतेय ते कृपा करून कुठेतरी लिहून ठेवा. नोकरी गेली तर प्लॅनला कळवणं कंपनीचं काम असतं, पण घटस्फोट झाला हे कंपनीला आपोआप कळत नाही, ते कळवायची जबाबदारी तुमच्यावर येते आणि त्याला मुदत असते, साधारण ६० दिवस. नवरा सांगेल, वकील सांगेल यावर राहू नका. प्लॅनच्या माहितीपुस्तकात (समरी प्लॅन डिस्क्रिप्शन म्हणतात, मागितलं की द्यावं लागतं) कोणाला आणि कसं कळवायचं ते दिलेलं असतं, त्या पत्त्यावर रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा आणि सोबत तुमचा नवीन पत्ता द्या. कारण त्यांच्याकडे असलेल्या शेवटच्या पत्त्यावर पत्र पाठवलं की त्यांचं काम झालं असं धरतात, मग ते पत्र जुन्या घरी कोणीही न उघडता पडून राहिलं तरी तुमचे दिवस मोजले जातात.

प्रीमियम कोणी भरायचा हे निकालपत्रात लिहून घ्या. कोणीही भरला तरी प्लॅनला चालतं. आणि एचआर ऐकतच नसेल तर लेबर डिपार्टमेंटच्या एब्सा विभागाला १-८६६-४४४-३२७२ वर फोन करा, पैसे लागत नाहीत, ते कंपनीशी बोलतात.

प्रश्न : आमचा स्टार्टअप १४ जणांचा आहे, सॅन होजेत. एचआर म्हणते २० पेक्षा कमी माणसं म्हणून कोब्रा नाही. खरं का?
– एक वाचक, कॅलिफोर्निया

उत्तर : अर्धंच खरं. केंद्राचा कायदा २० किंवा जास्त माणसांच्या कंपनीला लागतो, पण तुमच्या राज्यात २ ते १९ साठी कॅल-कोब्रा आहे, ३६ महिन्यांपर्यंत, प्रीमियम बहुतेक वेळा ११० टक्के. थेट इन्शुरन्स कंपनीला फोन करा. फक्त एक धोका आहे, स्टार्टअपच बंद पडला किंवा त्यांनी सगळ्यांचाच इन्शुरन्स बंद केला तर चालू ठेवायला प्लॅनच उरत नाही, कॅल-कोब्रा असो नाहीतर कोब्रा. तसं झालं तर ६० दिवसांत कव्हर्ड कॅलिफोर्निया (तुमच्या राज्याचं मार्केटप्लेस), आणि बायको किंवा नवऱ्याच्या नोकरीचा इन्शुरन्स असेल तर तिथे नाव घालायला फक्त ३० दिवस असतात, तेव्हा ते आधी बघा.