वाचकांचे प्रश्न: २० लिटरचं पातेलं कशावर चढवायचं?

प्रश्न : पुतण्या जर्मनीहून आलाय आणि घरीच २० लिटर बिअर करू म्हणतोय. कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. २००० वॅटची इंडक्शन, काचेची गॅस शेगडी आणि पाणी तापवायचा रॉड आहे. बाल्कनी काचेनं बंद केली आहे. कशावर आणि कुठे उकळावं?

उत्तर : आधी कायद्याचं. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ नुसार परवान्याशिवाय बिअर करणं गुन्हा आहे, मग ती घरच्यापुरती का असेना. त्यामुळे आंबवण्याबद्दल इथे काही सांगत नाही. यीस्ट पडेपर्यंत मात्र तो माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचा, गोड काढाच असतो. उकळण्याचं गणित त्याचंच देतो.

पुण्यात पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. २५ अंशांचं २० लिटर पाणी तिथवर न्यायला १.७ युनिट उष्णता लागते. तुमच्या इंडक्शनवर झाकण ठेवूनही सव्वा तास धरा. पुढे झाकण काढून तासभर उकळायचं, कारण माल्टमधला उकडलेल्या कोबीसारखा वास वाफेबरोबरच जातो. २० लिटरला खळखळून उकळी ठेवणं २००० वॅटला जड जातं. शिवाय पातेल्यासकट २५ किलो वजन घरगुती इंडक्शनच्या काचेवर टाकू नये.

म्हणून १० लिटरच करा, १६ लिटरच्या पातेल्यात. बुडाला लोहचुंबक चिकटला पाहिजे; जर्मनचं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं, पातेलं इंडक्शनवर तापतच नाही. प्लग १६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये, एक्स्टेंशन बोर्ड नको. उकळी फुटताना दुधासारखा फेस वर येतो. तो उतू गेला तर चिकट पाक इंडक्शनच्या पंख्यात जातो आणि मशीन बसतं. त्या पाच मिनिटांत आच कमी करून समोर उभं राहायचं, फोन घ्यायलाही जायचं नाही.

काचेच्या शेगडीवर एवढं रुंद पातेलं नको. उष्णता बुडाखालून परत फिरते आणि काच तडकते. रॉड तर विसराच. त्याच्यावर साखर करपते, आणि अर्थिंग कच्चं असेल तर पळीला हात लावताच शॉक.

बंद बाल्कनीत गॅस अजिबात लावू नका. हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि त्याला वास नसतो. इंडक्शन स्वयंपाकघरात, एक्झॉस्ट लावून, खिडकी उघडी. तासाभरात लिटर-दीड लिटर पाणी वाफ होऊन जातं. वर प्लायचं कपाट असेल तर ते फुगतं. आणि भरलेलं गरम पातेलं उचलायचं नाही. खाली तोटी बसवून घ्या, नाहीतर जागेवरच निवू द्या.

प्रश्न : गच्चीवर केटरिंगची हाय-प्रेशर भट्टी लावली. पातेल्याला काजळी धरते आणि वाऱ्यानं ज्योत विझते. काय करू?

उत्तर : काजळी म्हणजे ज्योत पिवळी, म्हणजे हवा कमी. बर्नरच्या नळीवरची हवेची चकती थोडी उघडा, ज्योत निळी होईल. तरी पिवळीच राहिली तर जेट काढून साफ करून घ्या. त्यात धूळ किंवा कोळ्याचं जाळं अडकलेलं असतं.

विझणं जास्त धोक्याचं. अशा भट्टीला ज्योत गेल्यावर गॅस आपोआप बंद करणारी सोय बहुधा नसते. एलपीजी हवेपेक्षा जड, त्यामुळे तो जमिनीलगत पसरून जिन्यात उतरतो. भट्टीच्या तीन बाजूंना विटांचा आडोसा करा, पण सिलिंडर आडोशाबाहेर, दीड-दोन मीटर लांब आणि उभाच. घरगुती लाल सिलिंडरला हाय-प्रेशर रेग्युलेटर लावायचा नाही. १९ किलोचा व्यावसायिक घ्या. प्रत्येक वेळी जोडणीवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडा आला तर काडी ओढायची नाही. आधी सिलिंडर बंद, मग नळी बदला.