धनगरवाड्याची चराई: दावा एका घराचा नको, वाड्याचा करा

प्रश्न: आम्ही गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात एका धनगरवाड्यावर राहतो. पणजोबांच्या काळापासून आमच्या म्हशी वरच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या पठारावर, चरतात. यंदा वनरक्षकाने 'हे अभयारण्य आहे' म्हणून अडवले आणि एका घरावर केस घातली. जमिनीचा एकही कागद आमच्या नावावर नाही. काय करावे?

उत्तर: ताई, आधी मामलेदार कार्यालयातून त्या सर्वे नंबरचा एक-चौदाचा उतारा (गोव्यातला सातबारा) काढा. जमीन वनखात्याची की कोमुनिदादीची (गावकऱ्यांच्या जुन्या सामाईक संस्थेची) की खासगी, यावर पुढची सगळी वाट ठरते. कोमुनिदादीची निघाली तर तिच्या कमिटीकडे जावे लागेल आणि खासगी असेल तर दिवाणी वकिलाकडे. खाली लिहितो ते वनजमिनीपुरते.

2006 च्या वनहक्क कायद्यात कलम 3(1)(डी) मध्ये चराईचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. वनजमिनीच्या व्याख्येत अभयारण्येही येतात. त्यामुळे 'अभयारण्य आहे' एवढ्याने तुमचा दावा संपत नाही. आणि हा हक्क सामूहिक आहे, म्हणून सातबारा किंवा घराची नोंद नसणे आड येत नाही.

अडचण दुसरीकडे आहे. गावडा, कुणबी, वेळीप यांना 2003 साली अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, गोव्यातल्या धनगरांना नाही. म्हणून तुम्हाला 'इतर पारंपरिक वननिवासी' म्हणून 13 डिसेंबर 2005 पूर्वीच्या तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षे, दाखवाव्या लागतील. हे ऐकून लोक हातपाय गाळतात. गाळू नका. नियम 13 प्रमाणे वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब, जुनी घरे, विहिरी, देवस्थान, सरकारी नकाशे हे सगळे पुरावे धरतात. मात्र जबाब देणारा स्वतः दावेदार नसावा, म्हणून शेजारच्या गावातला जाणता माणूस गाठा. पोर्तुगीज काळातला जन्माचा दाखला घरात असेल तर सोन्यासारखा जपा.

दावा 'बी' नमुन्यात (सामूहिक हक्कांचा अर्ज), ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे. ग्रामसभेला निम्मे सभासद हजर लागतात, त्यांत एक तृतीयांश बायका. नेमके इथेच ठराव पडतात. सभेच्या दिवशी दूध घालायला गेलेल्या बायकांनाही आणा, हजेरीवर सह्या घ्या.

'सी' नमुन्यात रान राखण्याचा हक्कही मागा. माझा यावर भर आहे, कारण नुसती चराई मागणाऱ्याला खाते उद्या 'तुम्ही रान संपवता' म्हणेल. सोबत वाड्याचे नियम लिहून जोडा: पावसात सड्याचा कोणता भाग चारायचा, कोणता गवताला बी धरेपर्यंत बंद, घरामागे किती गुरे, रानमोडी हे माजणारे तण कोण आणि केव्हा उपटणार, वणवा लागू न देण्याची पाळी कोणाची. बाहेरच्या व्यापाऱ्याची गुरे घेऊ नका. हे नियम तुमच्या आज्या पाळतच होत्या, आता फक्त कागदावर यायचे आहेत.

केसबद्दल: वकिलाला दाखवल्याशिवाय त्या घराने कोणत्याही कबुलीवर सही करू नये. दावा प्रलंबित असताना ताब्यातल्या जागेवरून हटवता येत नाही असे कलम 4(5) म्हणते. घर आणि गोठा त्यात बसतात, पण चराईचा शब्द तिथे नाही. म्हणून दाव्याची पोच जितकी लवकर हातात येईल तितके बरे.

ग्रामसभेने दावा फेटाळला तर 60 दिवसांत उपविभागीय समितीकडे अपील करा. तिथेही गेला तर आणखी 60 दिवसांत जिल्हा समितीकडे. दोन्ही वेळा निर्णय कारणांसह लेखी मागा.