पाण्याच्या थेंबावर तेलाचा पातळ थर दिला तर तो उशिरा वाळतो का?

वाळतो ना, पण कुठलंही तेल चालत नाही, आणि हेच मी बडोद्यात आमच्या भाऊजींना दर उन्हाळ्यात सांगतेय. गच्चीवर चिमण्यांसाठी ठेवलेल्या कुंड्यात ते चमचाभर सिंगतेल, म्हणजे शेंगदाण्याचं तेल, सोडतात, "पाणी टिकतं" म्हणून, वर मलाच म्हणतात केमिस्ट्री शिकून एवढंही कळेना.

शेवटी डायनिंग टेबलावर दाखवलंच. काचेच्या पट्टीवर एकाच सिरिंजने तीन थेंब, एक कोरा, एकाला सुईच्या टोकाने जरासं सिंगतेल, आणि तिसऱ्यावर सिटाइल अल्कोहोलचा कण, कोल्ड क्रीममधे घालतात ते, मेणासारखे पांढरे दाणे असतात, पाण्याला टेकवलं की आपोआप पसरतं. पंखा फुल. कोरा वाळून बोअरच्या पाण्याचं पांढरं कडं राहिलं, तेलवाला त्याच्या मागोमाग गेला, तिसरा अजून फुगीर बसलेला. भाऊजी म्हणाले, "त्यात पाणी जास्त घातलं असशील." सिरिंजवर रेषा असतात हो!

कारण सांगते. सिटाइलच्या सोळा कार्बनच्या सरळ साखळ्या मिरवणुकीतल्या गर्दीसारख्या खेटून उभ्या राहतात, मधून पाण्याचा रेणू सहज निसटत नाही. हा थर एकाच रेणूचा, साधारण 2 नॅनोमीटर. सिंगतेलातल्या बऱ्याच साखळ्या मधेच वाकलेल्या, त्यामुळे फटी राहतात. थेंब आटतो तसा सिटाइलचा थर आणखी आवळतो. आणि थेंब जितका बारीक तितका फरक जास्त, कारण बारीक थेंबाची वाफ हवेत पटकन पांगते, मग अडवायला थरच काय तो उरतो. तलावांवरही लोकांनी हे करून पाहिलंय, पण तिथे वारा सगळा थर एका काठाला ढकलतो. थेंबाला ती भीती नाही.

हां, तेलाचा चांगला जाड थर ओतला तर पाणी टिकतं, तेवढं भाऊजींचं खरं. पण मग चिमण्यांनी प्यायचं काय? पिसांना तेल लागलं की ती पाणी झटकेनाशी होतात, भिजतात. कुंडं सावलीत सरकवा आणि रोज भरा, त्यात कसली अक्कल लागते. डबक्यात तेल टाकतात ते डासांच्या अळ्यांचा श्वास कोंडायला, त्याचा नि पाणी टिकण्याचा काही संबंध नाही, हेही त्यांना सांगून झालंय.