ग्रामपंचायत मानहानीचा दावा करू शकते का?

प्रश्न : आमचे साप्ताहिक चोपडा तालुक्यातून निघते. एका गावाच्या पाणी योजनेत बिल १२०० मीटर पाइपाचे निघाले, जागेवर पाइप बराच कमी आहे, अशी बातमी आम्ही 'सरपंचाने पाइप खाल्ला' या मथळ्याने छापली. ग्रामपंचायतीने वकिलामार्फत नोटीस पाठवली आहे : सात दिवसांत माफी छापा, नाहीतर ५ लाखांचा दावा आणि पोलिस केस. वर्तमानपत्राला घटनेचे संरक्षण आहे ना?
— एक संपादक

उत्तर : संपादकसाहेब, संरक्षण आहे, पण ते प्रत्येक नागरिकाला आहे तेच. घटनेत वृत्तपत्रांसाठी वेगळे कलम नाही. कलम १९ मधल्या भाषण व अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्यातच ते येते. त्याच कलमाच्या दुसऱ्या खंडात मर्यादा दिल्या आहेत आणि अब्रुनुकसानी ही त्यांतली एक.

वकिलाची नोटीस म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे. घाबरून माफी छापू नका, पण मुदतीत लेखी उत्तर द्याच. ग्रामपंचायतीला, म्हणजे स्थानिक संस्थेला, बदनामीपोटी भरपाईचा दावा लावता येत नाही. सुप्रीम कोर्टाने १९९४ च्या राजगोपाल निकालात हे स्पष्ट केले आहे.

सरपंच मात्र व्यक्ती म्हणून कोर्टात जाऊ शकतात. दिवाणी दाव्याला छापल्यापासून एक वर्षाची मुदत असते. फौजदारीत भारतीय न्याय संहितेचे कलम ३५६ लागते : दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा दोन्ही, अथवा समाजसेवा. हा गुन्हा अदखलपात्र आहे, त्यामुळे पोलिस थेट अटक करू शकत नाहीत. सरपंचांना स्वतः दंडाधिकाऱ्यांकडे तक्रार करावी लागेल. दखल घेण्याआधी तुमचे म्हणणे ऐकले जाते. त्या तारखेला गैरहजर राहू नका.

तुमची खरी अडचण मथळ्यात आहे. मीटरमधली तफावत कागदाने दाखवता येते. 'खाल्ला' हे सिद्ध करायला पैसा कुणाच्या खिशात गेला ते दाखवावे लागेल. फौजदारीत बातमी खरी असून भागत नाही, ती लोकहिताचीही असावी लागते. पाणी योजनेबाबत ते दाखवणे जड नाही. तेव्हा वकिलाला विचारून मथळ्यापुरती दुरुस्ती छापा, सरपंचांची बाजू द्या, आकड्यांवर ठाम राहा.

आजच माहिती अधिकारात अर्ज टाका : एकच विषय, १५० शब्दांच्या आत, १० रुपये शुल्क. कामाचा आदेश, बिले आणि मोजमाप पुस्तिका, म्हणजे एमबी, यांच्या साक्षांकित प्रती मागा. उत्तराची मुदत ३० दिवस. एमबी दुसऱ्या कार्यालयात असेल, तर अर्ज पाच दिवसांत तिकडे वर्ग करणे बंधनकारक आहे.