घर पाहावं सजवून: तीन हजारात घराचा मूड बदलेल का?

या वेळी आलेल्या मेल्सपैकी निम्म्यांत एकच रडगाणं आहे, घरात पाऊल टाकलं की मूड जातो आणि हातात पैसे नाहीत. सगळ्यांना उत्तर देणं काही जमणार नाही, म्हणून तीन निवडलेत.

प्रश्न : ताई, डोंबिवली पूर्वेला भाड्याचं वन बीएचके आहे, तळमजला. मी आणि नवरा सकाळी सातच्या लोकलने निघतो ते रात्री आठला घरी. सासूबाई दिवसभर एकट्या. भर दुपारी बारा वाजतासुद्धा ट्यूब लावावी लागते, एका भिंतीला ओल आहे, आणि मालक खिळा ठोकू देत नाहीत. अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट. इन्स्टावर लोकांची घरं बघितली की आपल्या घरात यावंसंच वाटत नाही. चिकटवायचा वॉलपेपर, प्लास्टिकच्या वेली आणि फेअरी लाइट्स घ्यायचं डोक्यात आहे, ३ हजार बाजूला काढलेत. पुरतील का? – कंटाळलेली

उत्तर : अगं पुरतील, उरतील पण! फक्त त्या तिन्ही गोष्टी घेऊ नकोस. वॉलपेपरचं मी स्वतः भोगलंय. आधीच्या भाड्याच्या घरात हौसेने विटांच्या डिझाइनचा लावला, पहिल्या पावसाळ्यात कोपरे सुटले आणि खेचून काढला तर त्याच्याबरोबर रंग पण निघून आला, हाताएवढा तुकडा. घर सोडताना डिपॉझिटमधून पैसे कापले ते वेगळंच. तुझ्याकडे तर ओल आहे म्हणजे तो गणपतीपर्यंत पण टिकायचा नाही. आणि प्लास्टिकच्या वेलींवर धूळ बसते, ती धुवायला तुला रविवार मिळणार आहे का?

आधी एक पैसा खर्च न करता करायचं काम सांगते. खिडकीला डासांची जाळी असेल ना, वेलक्रोवाली? ती कधी काढून धुतलीस? माझ्या बहिणीकडे मी मागे काढली, बादलीत सर्फ टाकून अर्धा तास ठेवली तर पाणी अक्षरशः चहासारखं झालं, आणि जाळी परत लावल्यावर तिचा नवरा विचारतो, खिडकीची काच बदलली का! तळमजल्याला रस्त्याची धूळ सगळी तिथेच अडकते आणि उजेड पण तिथेच अडतो. मग खिडकीच्या ग्रिलमध्ये काय काय ठेवलंय ते बघ. रिकामे खोके, मोडका कुंचा, 'लागेल कधीतरी' म्हणून ठेवलेला थर्माकोल, हे सगळं भंगारवाल्याला. ग्रिल रिकामं झालं की आरशाचं कपाट असेल तर ते खिडकीच्या समोर किंवा बाजूच्या भिंतीला येईल असं सरकवून बघ, आरशात उजेड पडला की खोली एकदम उघडी वाटते. कपाट सरकवायला नवरा आहे की रविवारी.

आता दिवे. यात थोडा वेळ घालव कारण तुझं खरं दुखणं इथे आहे असं मला वाटतं. तुमच्याकडे बहुतेक सगळीकडे पांढरी ट्यूब असणार. एलईडीच्या खोक्यावर ६५००के असं लिहिलेलं असतं, तो निळसर पांढरा उजेड. ऑफिसात ठीक आहे, पण रात्री आठला दमून आलेल्या माणसाला त्या उजेडात सगळंच दवाखान्यासारखं दिसतं, भिंतीची ओल पण आणि स्वतःचा चेहरा पण. दुकानात जाऊन 'वॉर्म व्हाइट' माग, खोक्यावर २७०० किंवा ३०००के असेल तो. आकडा जितका कमी तितका उजेड पिवळा, समईकडे जाणारा. पिवळा म्हणजे बिल जास्त असं सासूबाई म्हणतील, कारण त्यांच्या वेळचा पिवळा बल्ब ६० वॉटचा होता. हा ९ वॉटचा असतो आणि उजेड जवळपास तेवढाच. रोज पाच तास लावलास तरी महिन्याला दीड युनिटसुद्धा होत नाही. शंभर-सव्वाशेला एक मिळतो, तीन घे. ओट्यावर मात्र पांढराच राहू दे, तांदळातले खडे पिवळ्यात दिसत नाहीत.

एक बल्ब हॉलच्या होल्डरला, एक बेडरूमला, आणि तिसऱ्यासाठी माळ्यावर चढ. दिवाळीचा कंदील तिथे असेलच, बांबूच्या काड्यांचा किंवा कापडाचा. तो उतरवून पुसून हॉलच्या एखाद्या कोपऱ्यात खाली, स्टुलावर किंवा कपाटाच्या कडेला टांगून ठेव, आत वॉर्म बल्ब (कापडाला किंवा काड्यांना टेकणार नाही एवढं बघ, वायर-होल्डर इलेक्ट्रिकवाल्याकडून जोडून घे, स्वतः करू नकोस). संध्याकाळी ट्यूब बंद आणि फक्त हा आणि वरचा एक. कंदील वर्षातून पाचच दिवस का लावायचा, हे मला कधी कळलेलं नाही.

पडद्यांना खर्च करू नकोस. जुनी कॉटनची साडी साडेपाच मीटरची असते, म्हणजे अठरा फूट. सात सात फुटांचे दोन पडदे दाराला आणि उरलेल्या चार फुटांत खिडकीचा छोटा, बरोब्बर बसतं, काठ दोन्ही बाजूंना उभे येतील असे शिवून घे. फिकट रंगाची निवड, गडद मरून वगैरे लावलीस तर आहे तो उजेड पण जाईल. खिळ्याचा प्रश्न नाही, चौकटीत दाबून बसणारा स्प्रिंगचा रॉड मिळतो.

ओलीवर रंग मारायचा मोह आवर, वाया जातो, महिन्याभरात फुगून पोपडे येतात. पाणी कुठून येतंय ते मालकांना शोधायला लाव, पाइप त्यांचा आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकून लेखी सांग, नुसतं तोंडी नको. तोपर्यंत कपाट त्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढ म्हणजे मागे हवा खेळेल आणि कपड्यांना तो कुबट वास यायचा थांबेल. पाऊस संपून भिंत नीट वाळली की खरवडून एकाच भिंतीला रंग द्या, दहा बाय नऊची भिंत दीड-दोन लिटरमध्ये दोन हातात होते.

झाडं हवीत तर मनीप्लांट बाटलीत, बाकी त्या अंधारात काही जगणार नाही, तुळस तर नकोच, ती बिचारी पंधरा दिवसांत मान टाकेल. पाणी आठवड्याला बदल नाहीतर डेंग्यूचे डास पाळशील. आणि झाडाने घरातली हवा शुद्ध होते हे जे फॉरवर्ड फिरतं ना, ते नासाच्या १९८९ च्या प्रयोगावरून आहे, तो बंद पेटीत केलेला होता, आपल्या दारं-खिडक्या उघड्या असलेल्या घरात दोन कुंड्यांनी तसं काही होत नाही. डोळ्यांना बरं वाटतं एवढ्यासाठी लाव. दादरला उतरत असशील तर शुक्रवारी फुलगल्लीतून निशिगंधाची एक जुडी आण, शनिवार-रविवार घर घमघमतं.

आणि आता मुख्य. हे सगळं सासूबाईंना विचारलंस का? घरात बारा-तेरा तास त्या असतात, तुम्ही जागेपणी तीन. त्यांची खुर्ची टीव्हीसमोर भिंतीकडे तोंड करून असणार, पैज लावते. ती खिडकीशी आण. बाहेर पार्किंग असलं तरी चालेल, एखादं झाड दिसलं तर फारच छान. १९८४ साली रॉजर उलरिक नावाच्या संशोधकाने अमेरिकेतल्या एका हॉस्पिटलचे जुने रेकॉर्ड तपासले होते, पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या पेशंट्सचे. ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसायची ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा थोडे लवकर घरी गेले आणि कडक पेनकिलर्सही त्यांना कमी लागल्या. मग सासूबाईंना टीव्हीवरच्या भांडणांपेक्षा खिडकी बरी की नाही? उरलेल्या पैशातून त्यांना पाठीला चांगली उशी आण, रंग त्यांना निवडू दे, आणि तो तुला आवडला नाही तरी गप्प बस.

प्रश्न : मी परभणी जिल्ह्यातला, पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससी करतोय. खोलीत चार जण. माझ्या वाट्याला एक कॉट आणि भिंतीचा एक तुकडा. घर वगैरे म्हणता येणार नाही पण रूमवर गेलं की फार डिप्रेस व्हायला होतं. बजेट ५०० रुपये, हसू नका. – एक परीक्षार्थी

उत्तर : हसत नाहीये रे. सहा बाय तीनची का असेना, जागा तुझी आहे. मला फक्त एक सांग, त्या भिंतीच्या तुकड्यावर काय चिकटवलंयस? घटनेची कलमं, नद्यांचे तक्ते, आणि रोज मोडणारं टाइमटेबल, हो ना? ते उशाकडून काढ आणि अभ्यासिकेत ने. डोळे उघडल्या उघडल्या माणसाला स्वतःचा बॅकलॉग दिसला तर दिवस कसा जाणार. तिथे घरचा एखादा फोटो लाव, शेताचा, म्हशीचा, काहीही.

मग गादी उन्हात टाक. गच्चीची किल्ली मालकांकडून मागून घे, रविवारी दुपारी चार तास, नुसत्या त्याने अर्धी खोली बदलते, चौघांनी मिळून टाकल्या तर पूर्णच. चादर एकच पण सोलापुरी घे, धुतल्यावर लवकर विरत नाही, दुसरी घरून आणलेली असेलच, आलटून पालटून. यूएसबीवर चालणारा क्लिपचा छोटा दिवा मिळतो दीडशे-दोनशेला, तो कॉटच्या दांड्याला लाव म्हणजे बाकीचे झोपले तरी तुझा उजेड तुझ्यापुरता. बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात चक्कर मार, लोखंडी पेटी किंवा लाकडी खोका स्वस्तात मिळाला तर कॉटखाली सरकव आणि पसारा त्यात. घासाघीस कर, पहिल्या भावाला हो म्हणू नकोस. बाकी मोजे. चौघांचे मोजे दाराबाहेर, हा नियम आजच करा. डिप्रेशनचं माहीत नाही पण निम्मा वास तिथून येतोय.

आणि हे गमतीत लिहिलं असलं तरी, जेवण जात नसेल, झोप येत नसेल, आठवडे झाले असतील तर चादर बदलून भागायचं नाही, डॉक्टरला भेट. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, वाईला राहतो. पत्नी जाऊन आठ महिने झाले. घर स्वतःचं आहे, उजेड आहे, पेन्शन बऱ्यापैकी. पण घर खायला उठतं. मुलगी नाशिकला असते, ती म्हणते रंग काढा, नवा सोफा घ्या. काय करावं? – एक वाचक

उत्तर : सर, सोफा नका घेऊ. रंगाचीही घाई नको, रंगाच्या निमित्ताने घरातल्या सगळ्या वस्तू हलवाव्या लागतात आणि तुमची तेवढी तयारी आत्ता असेल असं पत्रावरून वाटलं नाही.

एकट्या माणसाचं घर हळूहळू एका खोलीत आकसतं, बाकीच्या खोल्या बंद राहतात आणि मग त्या बंद दारांचंच ओझं होतं. तेव्हा सकाळी उठून सगळ्या खोल्यांच्या खिडक्या उघडायच्या, काम नसलं तरी. रेडिओ असेल तर आकाशवाणी सातारा लावून ठेवा, चहा होईपर्यंत घरात कुणीतरी बोलत असलेलं बरं. दिवेलागणीला अंधार पडायची वाट न बघता पुढच्या खोलीत दिवा लावा आणि दोन खुर्च्या ओट्यावर टाका, दोन बरं का, एक नाही. जाणारा-येणारा टेकतो.

बाईंचं कपाट उघडलंच नसेल तर उघडायची जबरदस्ती नाही. पण मुलगी आली की दोघं मिळून उघडा, तिला हव्या त्या साड्या तिला घेऊ द्या आणि मऊ झालेल्या चार-पाच सुती बाजूला काढून गोधडी शिवायला द्या. तुमच्याकडे आसपासच्या गावांत गोधड्या शिवणाऱ्या बायका अजून आहेत, कुणालाही विचारा. कडेपासून धावदोरा घालत घालत मध्यापर्यंत येतात, पंधरा-वीस दिवस लागतात. झाली की ट्रंकेत ठेवू नका, रोजच्या खुर्चीवर घाला. वरच्या बाजूला कुठली साडी घ्यायची ते मुलीला ठरवू द्या, आणि फोन आजच करा, कारण पाऊस लागला की सुती कपडा नीट वाळत नाही आणि मग हे काम दिवाळीपर्यंत रेंगाळतं.