आईचा संधिवात आणि मुलाची स्वमग्नता

प्रश्न : माझ्या ५ वर्षांच्या मुलाला गेल्या वर्षी स्वमग्नतेचे (ऑटिझमचे) निदान झाले. मला लग्नाआधीपासून ऱ्हुमॅटॉइड संधिवात आहे. ‘तुझ्या प्रतिकारशक्तीतला दोष मुलात उतरला’, असे एका नातेवाइकांनी सांगितल्यापासून मला झोप नाही. एक केंद्र महागड्या रक्तचाचण्या आणि मूळपेशी (स्टेम सेल) उपचार सुचवत आहे. मुलाला बद्धकोष्ठतेचाही जुना त्रास आहे. काय करावे?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : ऱ्हुमॅटॉइड संधिवात हा स्वयंप्रतिकार विकार आहे, म्हणजे त्यात प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते. आईचे असे विकार आणि मुलाची स्वमग्नता यांचा संबंध संशोधकांनी खरोखर तपासला आहे, मात्र त्याचा अर्थ ‘दोष उतरला’ असा होत नाही. डेन्मार्कमध्ये १९९३ ते २००४ या काळात जन्मलेल्या सुमारे ६ लाख ८९ हजार मुलांच्या नोंदींवरून २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आईला ऱ्हुमॅटॉइड संधिवात असल्यास मुलात स्वमग्नता आढळण्याचे प्रमाण सुमारे १.७ पट दिसले. ऐकायला हे भयंकर वाटते. पण त्या सगळ्या मुलांत निदान झालेली मुले ३,३२५, म्हणजे दर हजारी पाचांहूनही कमी होती, त्याची १.७ पट केली तरी आकडा आठाच्या आसपासच राहतो. शिवाय दोन्हींमागे सामाईक आनुवंशिक घटक असू शकतात. अपराधी वाटून स्वतःची औषधे मात्र थांबवू नका.

कारणाच्या बराच जवळ जाणारा पुरावा गर्भावस्थेतील रुबेलाच्या (जर्मन गोवराच्या) संसर्गाचा आहे. १९६४ च्या साथीनंतर न्यूयॉर्कमध्ये जन्मजात रुबेला असलेल्या २४३ मुलांपैकी १८ जणांत स्वमग्नतेची पूर्ण वा अंशतः लक्षणे आढळली होती. १९९८ च्या, अवघ्या १२ मुलांवरील आणि २०१० मध्ये मागे घेतल्या गेलेल्या शोधनिबंधाने स्वमग्नतेसाठी ज्या एमएमआर (गोवर-गालगुंड-रुबेला) लसीवर संशय घेतला, तीच लस रुबेलापासून वाचवते, याची मला नेहमी गंमत नव्हे, चीड वाटते.

चाचण्यांविषयी स्पष्टच लिहितो. २००५ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांना स्वमग्न व्यक्तींच्या मरणोत्तर तपासलेल्या मेंदूंत दाहाच्या (इन्फ्लमेशनच्या) खुणा आढळल्या. पण दाह कारण की परिणाम, हे त्यावरून ठरत नाही, आणि स्वमग्नतेचे निदान आजही रक्तचाचणीवरून नव्हे, वर्तनाच्या निरीक्षणावरूनच होते. मूळपेशी उपचारांची स्वमग्नतेसाठी शिफारस करता येत नाही, अशी भूमिका राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या मंडळाने २०२२ मध्येच घेतली आहे. ते पैसे वाचा-उपचार आणि ऑक्युपेशनल थेरपीसाठी राखून ठेवा.

तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटी, जवळजवळ ओझरती आली आहे : बद्धकोष्ठता. स्वमग्न मुलांत पोटाच्या तक्रारी, अपस्मार (फिट्स) आणि झोपेचे त्रास इतरांपेक्षा अधिक आढळतात, आणि ‘हे स्वमग्नतेमुळेच’ म्हणून ते अंगावर काढले जातात. पोटात दुखते हे सांगता न येणारे मूल डोके आपटते, हाताला चावते, टेबलाच्या कडेवर पोट दाबून उभे राहते किंवा रात्री रडत उठते. घरात त्याला हट्ट म्हणतात. ठरावीक चारच पदार्थ खाणे, पाणी कमी पिणे, संडासातला आवाज वा वास सहन न होणे, अशी कारणे त्यामागे एकत्र असू शकतात. दोन आठवडे शीच्या वेळा, खडा होतो का, त्या दिवशीचे खाणे आणि वागणे वहीत लिहून ती वही बालरोगतज्ज्ञांना दाखवा. शी मऊ करणारे औषध अनेकदा काही महिने द्यावे लागते. पोट साफ होऊ लागले म्हणून ते परस्पर बंद करू नका. कोणी गहू सोडायला सांगितले, तर गव्हातील ग्लूटेनमुळे आतड्यांना इजा होते त्या सीलिअ‍ॅकची रक्तचाचणी त्याआधी करून घ्या, कारण गहू थांबवल्यानंतर ती चाचणी फसवी येऊ शकते.