रहस्याला 'मयी'चं शेपूट

एका वाचक भगिनींनी विचारलंय: "आमच्या वाचनालयात फलक लागला आहे, 'नवीन रिलीज झालेल्या रहस्यमयी कादंबऱ्या'. रहस्यमय बरोबर की रहस्यमयी? रहस्यकथा आणि गूढकथा एकच का? आणि जाता जाता, सध्या निघालेल्यांपैकी कोणत्या वाचाव्यात तेही सांगा."

जाता जाताचं शेवटी बघू. आधी तो फलक.

'रिलीज'वर एकच वाक्य खर्च करतो. सिनेमा रिलीज होतो, पुस्तक निघतं, येतं किंवा प्रकाशित होतं, आणि या तिन्ही क्रियापदांना अजून गंज चढलेला नाही.

आता 'मयी'. हे ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. 'कादंबरी स्त्रीलिंगी, म्हणून रहस्यमयी' असं सांगणारे भेटतात, आणि संस्कृतापुरतं त्यांचं बरोबरही आहे. 'मय' प्रत्ययाच्या 'मयट्' या व्याकरणातल्या नावातल्या टकारामुळे स्त्रीलिंगी रूप ईकारान्त होतं: चिन्मयी, वाङ्मयी. ठीक. मग 'रहस्यमयी वाडा', 'रहस्यमयी मृत्यू' हे कोणत्या व्याकरणाने? परवा बातमीच्या सरकत्या पट्टीवर 'रहस्यमयी आजार' वाचला. वाडा, मृत्यू, आजार हे तिघेही पुरुष, आणि तिघांनाही पातळ नेसवलेलं! मराठीत 'मय' लिंगाप्रमाणे बदलत नाही. आनंदमय दिवस, आनंदमय सकाळ, आनंदमय वातावरण. बाईला वेगळं 'मयी' आणि बुवाला वेगळं 'मय' असा भेद आपण ठेवलाच नाही. ही 'मयी' हिंदी वाहिन्यांवरून आपल्याकडे आली आणि कानाला भारदस्त वाटते म्हणून मुक्काम ठोकून बसली. म्हणजे 'रहस्यमय' बरोबर. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर संपलं.

पण खरं सांगू? 'मय'सुद्धा नको. का नको, ते अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशातली एक ओळ सांगते, आणि मला खरं तर तिच्याबद्दलच बोलायचंय.

कोशकार अमरसिंह एकांताचे प्रतिशब्द देतो: 'विविक्तविजनच्छन्ननिःशलाकास्तथा रहः'. आणि लगेच पुढे: 'रहश्चोपांशु चालिङ्गे रहस्यं तद्भवे त्रिषु'. रहस् म्हणजे एकांत, निर्जन जागा. 'रहस्यं तद्भवे' म्हणजे त्या एकांतात जे झालं ते रहस्य. 'त्रिषु' म्हणजे तिन्ही लिंगांत चालणारं, थोडक्यात विशेषण. रहस्य हे मुळातच विशेषण आहे! 'एकांतात घडलेलं' एवढा अर्थ त्याच्या पोटात असताना त्याला 'मय' जोडणं म्हणजे साखरेला गोड म्हणणं. 'रहस्यकथा' हा समास म्हणूनच इतका नेटका बसलाय. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड या त्यांच्या नायकांवर वाढलेल्या वाचकांना 'रहस्यमय कथा' म्हणायची गरज कधी पडली नाही. मग 'रहस्यकादंबरी' म्हणायला काय हरकत आहे?

अमराच्या त्या दोन ओळींतले बाकीचे शब्दही सोडवत नाहीत. 'निःशलाक' बघा. शलाका म्हणजे काडी. निःशलाक म्हणजे जिथे गवताची काडीही नाही अशी जागा. राजाने मसलत कुठे करावी हे सांगताना मनुस्मृती म्हणते, डोंगरमाथ्यावर, प्रासादात एकांती, नाहीतर 'अरण्ये निःशलाके'. भिंतीला कान असतात हे आपण म्हणतो, त्यांना गवताच्या कानांचीही धास्ती होती. आणि 'उपांशु'! आपल्याला हा शब्द फक्त उपांशु जपापुरता माहीत, ओठ हलवायचे पण आवाज काढायचा नाही. कौटिल्याकडे मात्र 'उपांशुदंड' आहे, म्हणजे राजद्रोह्याचा गुपचूप काटा काढणं. रहस् आणि उपांशु हे दोन शब्द अमराने शेजारी शेजारी बसवले, तेव्हा एका ओळीत निर्जन जागाही आली आणि तिथला खूनही आला. कोशकाराच्या हे मनात नसणार, मला ठाऊक आहे. पण ओळ तशी आहे त्याला मी काय करू?

धातू 'रह्', अर्थ सोडणं, वेगळं होणं. त्याच घरातले 'रहित' आणि 'विरह'. म्हणजे विरहगीतं आणि रहस्यकथा ही चुलत भावंडं. एकीत एक माणूस सोडून गेलेला असतो, दुसरीत सगळे साक्षीदार. गीतेच्या सहाव्या अध्यायातला योगी 'रहसि स्थितः' आहे. तिथे रहस्य वगैरे काही नाही, तो नुसता एकटा बसलाय. चौथ्या अध्यायात मात्र श्रीकृष्ण 'रहस्यं ह्येतदुत्तमम्' म्हणतो, तेव्हा जागेवरून शब्द गोष्टीवर सरकलेला दिसतो. टिळकांनी मंडालेत लिहिलेलं आणि १९१५ मध्ये निघालेलं 'गीतारहस्य' या दुसऱ्या अर्थाचं. माझ्या लहानपणी एका वाचनालयाच्या कपाटात ते झुंजारकथांच्या मांडीला मांडी लावून बसलेलं मी पाहिलंय. तेव्हा हसलो होतो. आता वाटतं, लावणाऱ्याची व्युत्पत्ती पक्की होती.

आणि आता शाकुंतल. पहिल्या अंकात भुंगा शकुंतलेभोवती घोंगावतोय आणि झाडाआडून दुष्यंत जळतोय: 'रहस्याख्यायीव स्वनसि मृदु कर्णान्तिकचरः'. कानाशी जाऊन, जणू एखादं रहस्य सांगत असल्यासारखा तू हळूच गुणगुणतोस. रहस्य-आख्यायी, रहस्य सांगणारा. संस्कृतातला माझ्या माहितीतला सर्वांत गोड रहस्यकथाकार हा एक भुंगा आहे. इथवर कोणीही सांगेल. पण त्याच श्लोकाचा शेवट वाचा: 'वयं तत्त्वान्वेषान्मधुकर हतास्त्वं खलु कृती'. आम्ही मेलो खरं काय ते शोधता शोधता, आणि तू मात्र साधलंस. दुष्यंताचा शोध साधा आहे: ही मुलगी कोणाची, क्षत्रियाने वरण्याजोगी आहे का? पण शब्द बघा, तत्त्व-अन्वेष. १९३२ मध्ये शरदिंदू बंद्योपाध्यायांचा ब्योमकेश बक्षी बंगालीत अवतरला. त्याला 'डिटेक्टिव्ह' आवडत नाही, 'गोयेंदा' हा त्याचा बंगाली प्रतिशब्द तर त्याहून नाही, म्हणून तो स्वतःला 'सत्यान्वेषी' म्हणवतो. एकाच श्लोकात वरच्या ओळीत रहस्य आणि खालच्या ओळीत अन्वेषक! पुढे त्याच नाटकात हरवलेली अंगठी माशाच्या पोटात सापडते, कोळ्याला शिपाई धरतात आणि चोर समजून दरडावतात. शाकुंतलाला प्रेमकथा म्हणून शिकवणाऱ्यांनी आपलं फार नुकसान केलंय.

(ती अंगठी म्हणजे मुद्रा, म्हणून 'मुद्देमाल' तिच्यावरून आला असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. मोह मलाही झाला होता. मुद्देमालातला मुद्दा अरबी 'मुद्दआ'चा, ज्यावर दावा आहे ते.)

आता माझा लाडका कयास. मराठी 'राहणे' याच 'रह्'चा नातू आहे असं मी गेली कित्येक वर्षं म्हणत आलोय. सिद्ध झालंय असं म्हणत नाही, कयास आहे. आमच्या परिचयातले संस्कृतचे एक निवृत्त प्राध्यापक यावर दर वेळी तेच बोलतात: "रह् म्हणजे सोडून जाणं, राहणे म्हणजे न जाणं. उलट अर्थाच्या शब्दांचं नातं जोडता?" सरांचा आदर राखून सांगतो, ते पाणिनी वाचतात, पण घरातलं मराठी ऐकत नाहीत. तुम्ही बसमध्ये छत्री विसरलात. काय म्हणता? 'छत्री बसमध्येच राहिली.' तुम्ही सोडली, म्हणून ती राहिली. घटना एकच आहे, फक्त एकदा तुमच्या बाजूने सांगितली आणि एकदा छत्रीच्या. डब्यात पोळी टाकली म्हणजे पोळी राहिली. 'सांगायचं राहिलं', 'भेटायचं राहून गेलं' यांत सोडून देणंच आहे, मुक्काम नाही. टाकणाऱ्याकडून टाकलेल्याकडे नजर वळली की 'सोडणे'चं 'राहणे' होतं. यात अशक्य काय आहे? सर म्हणतात, मधल्या प्राकृत पायऱ्या दाखवा. पायऱ्या दाखवणं कोशकारांचं काम, मी छत्री दाखवली.

आणि रहस्यकथेला हे किती चपखल बसतं! खुनी निघून जातो आणि मागे काहीतरी राहतं. सिगारेटचं थोटूक, शर्टाचं बटण, चिखलातला ठसा. गोष्टीतला शोधणारा जे गोळा करत फिरतो ते सगळं 'राहिलेलं'च असतं.

इंग्रजी 'मिस्टरी'चं मूळ ग्रीक आहे, आणि तिथे कल्पनाच निराळी. 'म्यूएइन' म्हणजे मिटणं, डोळे किंवा तोंड. दीक्षा घेतलेल्याने विधी पाहायचा आणि ओठ मिटून घ्यायचे. म्हणजे ग्रीकांच्या गुपिताला साक्षीदार आहे, तो बोलत नाही एवढंच. आपल्या रहस्यात साक्षीदारच नाही. म्हणून बंद खोलीतल्या खुनाच्या गोष्टी, दाराला आतून कडी, आत प्रेत आणि खुनी गायब, या माझ्या मते शब्दशः रहस्यकथा. एडगर ॲलन पोने १८४१ मध्ये आपल्या कथेत पॅरिसच्या चौथ्या मजल्यावरची बंद खोली उघडली, तिथून हा प्रकार जगभर गेला. मराठीत त्याला 'कुलूपबंद खोलीचं रहस्य' म्हणतात तेव्हा मला हसू येतं. रहस् म्हणजेच ती खोली.

हां, गूढ. 'गुह्' म्हणजे लपवणं. गुहा, गुह्य, गूढ ही सगळी त्याची पोरं. लपवायला लपवणारा लागतो, मग तो माणूस असो, नियती असो की आणखी कोणी. एकांतात घडलेल्या गोष्टीचा माग काढता येतो, कारण ती घडून गेलेली असते. गुहेच्या तळाला मात्र कोण बसलंय ते शेवटपर्यंत कळेलच असं नाही. रत्नाकर मतकरींच्या कथांना आपण गूढकथा म्हणतो ते अगदी योग्य. शेवटच्या पानावर इन्स्पेक्टर येऊन सगळं समजावून सांगेल अशी तिथे कोणाची अपेक्षा नसते. 'दोन्ही शब्द समानार्थी' असं शाळेच्या मार्गदर्शकांत छापलेलं असतं. छापू देत. रहस्य उलगडतं, गूढ वाढतं. निदान माझ्या कानाला तरी हे असंच बसतं.

फलकावर पुढे 'गुप्तहेर कथा' असंही असणार, मला खात्री आहे. हेर हा गुप्तच असतो. उघड हेराला बातमीदार म्हणतात. 'हेरणे' म्हणजे बारकाईने पाहणं, टेहळणं, ते क्रियापद धडधाकट आहे. 'हेरकथा' म्हणा. जुन्या पत्रांत 'जासूद' येतो, अरबी जासूसाचा मराठी अवतार. त्याच्या मुळाशी हाताने चाचपणं आहे, नाडी पाहतात तसं. पण आपल्याकडे येता येता तो टपाल पोचवायच्या कामाला लागला आणि चाचपणं मागे पडलं.

असो. तुम्ही नवीन काय वाचावं ते विचारलं होतंत. त्यात 'नवीन' म्हणजे काय हा घोळ आहेच. माझ्याकडच्या नव्या पुस्तकांच्या फळीवर सेइशी योकोमिझोची जपानी कादंबरी आहे, होंजिन वाड्यातल्या खुनाची. लग्नाची रात्र, बाहेर बर्फ, नवरा-नवरी आत मेलेली, अंगणात बर्फात रोवलेली तलवार आणि पाऊल एकाचंही नाही. इंग्रजी भाषांतर २०१९चं, मूळ गोष्ट १९४६ची. मग ही नवी की जुनी? माझ्या हिशेबाने नवी, कारण माझ्यापर्यंत आत्ता आली. असल्या जुन्या जपानी रहस्यकादंबऱ्या गेल्या काही वर्षांत एकामागून एक इंग्रजीत आल्या आहेत. वाचनालयात विचारा, आणि विचारताना 'मयी' म्हणू नका.

बाकीची यादी द्यायची होती. ती राहिली.